पुसलेली रेघ

दादाचं नाव 'पाव इंच' कसं पडलं ते आधी सांगते, म्हणजे माणूस कळेल. दादा माझा सख्खा भाऊ नव्हे. तो लिफ्टचा मेकॅनिक आणि सुट्टीच्या दिवशी सॉफ्टबॉलचा अंपायर. मी एका शाळेच्या ग्रंथालयात काम करते आणि त्याच्याच हाताखाली अंपायर झाले. एका सातमजली इमारतीतली लिफ्ट मजल्यापेक्षा पाव इंच वर थांबायची, म्हणून त्याने ती दिवसभर बंद ठेवली. सातव्या मजल्यावरचे डॉक्टर, चांगले भारदस्त, जिने चढून आले आणि धापा टाकत म्हणाले, "अहो, पाव इंचासाठी माझा जीव घेता का?" दादा म्हणाला, "डॉक्टरसाहेब, पाव इंचाला म्हातारी माणसं अडखळतात, आणि मग तुमच्याच दारात येतात." डॉक्टर हसले, पण नाव पडायचं ते पडलं. मैदानावरही तेच चिकटलं.

घरीसुद्धा तो तसाच. भिंतीवरचं कॅलेंडर वाकडं दिसलं की जेवणावरून उठून सरळ करणार. कपाटाच्या आरशासमोर डावा हात बाजूला ताणून, मूठ वळून दहा दहा मिनिटं उभा राहायचा. अंपायरचा हात डगमगला की खेळाडूला शंका येते, असं त्याचं म्हणणं. एकदा वहिनीने धुणं वाळत घालताना त्या हातावर सरळ ओला टॉवेल टाकला. "एवढा हात लांब केलाच आहे तर कामाला तरी येऊ दे," म्हणाली. त्यानेही हात खाली घेतला नाही. टॉवेल वाळेपर्यंत उभा राहिला असता, वहिनीलाच दया आली.

तो हात कशाचा, ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्या हातावरच आहे. सॉफ्टबॉलमध्ये पिचर चेंडू खालून हात फिरवून टाकते. सुरुवातीला तिचे पाय जमिनीत बसवलेल्या पांढऱ्या पट्टीवर असतात. चेंडू टाकताना मागचा पाय जमिनीला घासत, फरफटत पुढे यायला हवा. तो उचलून पुढे रोवला आणि तिथून नव्याने जोर घेतला, तर ती इलिगल पिच. तेवढी ती बॅटरच्या जवळ जाते, म्हणजे चोरीच की. अंपायरने डावा हात बाजूला सरळ धरायचा. मग तो चेंडू वाया ठरून बॅटरच्या खात्यात 'बॉल' म्हणून जमा होतो आणि आमच्या नियमाप्रमाणे बेसवर थांबलेली प्रत्येक रनर एकेक बेस पुढे जाते. तिसऱ्या बेसवर कोणी असेल तर ती आयतीच घरी, एक रन.

आम्ही दोघं जोडीने उभे राहायचो. दादा बॅटरच्या मागे, होम प्लेटपाशी, मास्क लावून, मी मैदानात पिचरच्या मागे. त्याने पिचरचे हात बघायचे, मी पाय. "तोंडाकडे बघू नकोस," पहिल्याच दिवशी त्याने मला सांगितलं होतं, "तोंड सगळ्यांचं निरागस असतं. पायाकडे बघ. आणि पायाचं कळलं नाही तर मातीकडे बघ. पाय घासला असेल तर रेघ सलग असते. उचलला असेल तर मध्ये तुटते. माती खोटं बोलत नाही."

आणखी एक गोष्ट शिकवली, ती कुठल्याच नियमपुस्तकात नाही. जोडीदाराचा निर्णय मैदानावर कापायचा नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ. सामना संपला की अंपायरांच्या खोलीत दार लावायचं, चहा घ्यायचा आणि मग एकमेकांची हवी तेवढी खरडपट्टी काढायची. मला त्या खोलीत दादाने रडवलंय. मीही त्याला सोडलेलं नाही, मी मुळातच तोंडाळ. मैदानावर मात्र तो म्हणेल ती पूर्व, याचा मला केवढा अभिमान होता. आता तो आठवला की अंगावर पाल पडल्यासारखं होतं.

त्या वर्षी संघटनेचं पत्रक आलं. इलिगल पिचकडे काणाडोळा होतो, यापुढे कडक अंमल करावा, जे करणार नाहीत त्यांना अंतिम सामने मिळणार नाहीत. बैठकीत सचिव म्हणाले, "तुमचे डावे हात काय फक्त खाजवायला आहेत का?" सगळे हसले. दादा हसला नाही. तो वर्षानुवर्षं हेच सांगत आला होता आणि आता कुठे त्याचं कोणी ऐकत होतं. मुलींच्या कॉलेजांचा अंतिम सामना अर्थातच त्याला मिळाला, आणि त्याच्याबरोबर मला.

त्या सामन्यात एका लहानशा कॉलेजची पिचर होती, तिला सगळे काडी म्हणत. खरंच काडीसारखी, पण चेंडू असा सोडायची की कॅचरच्या हातमोज्याचा आवाज रस्त्यापर्यंत जायचा. दुसऱ्या वर्षाला होती. विद्यापीठाच्या संघात पिचरची एक जागा रिकामी होती आणि निवड करणारे त्यासाठीच खुर्च्या टाकून बसले होते. ती काय टाकते यावर तिची जागा ठरणार होती, हे तिला ठाऊक होतं आणि आम्हालाही.

समोरच्या संघाचे कोच पहिल्या इनिंगपासून ओरडत होते. "पाय उडतोय! अंपायर, पाय बघा!" मी पाय बघतच होते. पाय उडत नव्हता. मैदान कोरडं खडखडीत होतं, माती पिठासारखी झाली होती, आणि प्रत्येक चेंडूला तिच्या पायामागे धूळ उठत होती, इतकंच. पण एखादी गोष्ट शंभर वेळा कानावर पडली की डोळ्यांनाही तीच दिसायला लागते.

सातवी, म्हणजे शेवटची इनिंग, समोरच्या संघाचा शेवटचा डाव. दोन्हीकडे दोन दोन रन. दोन बाद, तिसऱ्या बेसवर रनर, बॅटरवर दोन स्ट्राईक. काडीने चेंडू टाकला. बॅटरने बॅट फिरवली आणि चेंडू हुकला. तिसरी स्ट्राईक, म्हणजे बॅटर बाद आणि डाव खलास. काडीच्या मुली ओरडत आत धावल्या. आणि मी पाहिलं, तर दादाचा डावा हात बाजूला ताणलेला, मूठ वळलेली. अजिबात न डगमगणारा हात.

इलिगल पिच. स्ट्राईक रद्द, बॅटरला बॉल, तिसऱ्या बेसवरची रनर घरी, म्हणजे समोरच्यांचे तीन. सामना संपला.

काडीच्या कोच बाई तावातावाने आल्या. "पाय घासत होता! विचारा तुमच्या जोडीदाराला, त्या मागेच होत्या!" आणि दादाने माझ्याकडे वळून विचारलं. मास्क वर केला होता, कपाळावर घाम होता. "दिसलं ना तुला?"

मला दिसलं होतं. पाय पट्टीपासून शेवटपर्यंत जमिनीवर होता. मी म्हटलं, "दिसलं."

मी शेण खाल्लं. दुसरा शब्द नाही त्याला. घाबरून नव्हे, कोणाच्या दबावाने नव्हे. जोडीदाराला कापायचं नाही, या शिस्तीने खाल्लं. खोटं बोलताना मला आपण किती इमानी आहोत असं वाटत होतं. काडी माझ्यापासून चार हातांवर उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं, मग स्वतःच्या बुटाकडे बघितलं, जणू त्या बुटानेच तिला दगा दिला होता.

दोन्ही संघ हात मिळवायला रांगेत गेले तेव्हा मी पिचरच्या जागी गेले. दादाही आला. पट्टीपासून दोन हातभर रेघ होती. सलग. एखाद्याने खराटा ओढावा तशी. मध्ये कुठेच तुटलेली नव्हती. तिच्या आजूबाजूला जुन्या रेघा होत्या, त्याही सलग. आम्ही दोघं ती बघत राहिलो, फार तर पाच श्वास. मग दादाच्या लक्षात आलं असावं, कारण माझ्या लक्षात आलंच होतं: त्याने धूळ बघितली होती. धुळीला तो उचललेला पाय समजला. अरे, पण पाय घासल्याशिवाय धूळ उठते का? जी साक्ष तिच्या बाजूची होती, तीच त्याने तिच्याविरुद्ध धरली. कालच्या पोरालाही कळावं ते बावीस वर्षं अंपायरिंग केलेल्या माणसाला कळलं नाही.

दादाने बूट पुढे केला आणि रेघ पुसली. तीन वेळा इकडून, दोन वेळा तिकडून. मग खिशातला लहान ब्रश काढून, खाली वाकून ती पांढरी पट्टी स्वच्छ झाडली. "सवय," म्हणाला. एवढंच.

खोलीत गेलो. दार लावलं. चहा आला. त्या दिवशी पहिल्यांदा खोलीत कोणीच कोणाची खरडपट्टी काढली नाही. दादाने बुटांवरची माती ओल्या फडक्याने पुसली आणि मी त्याला, "ऊन फार होतं ना," असं म्हटलं.

निवड करणाऱ्यांनी काडीच्या नावापुढे 'पाय सदोष' असं लिहिलं. जागा दुसरीला गेली. सचिवांनी दादाची पाठ थोपटली: ऐन मोक्याला हात वर करायला छाती लागते म्हणाले. दादा घरी गेला आणि त्यानंतर आरशासमोर कधी उभा राहिला नाही. महिन्याभराने वहिनीने मला विचारलं, "काय झालंय ग यांना? टॉवेल कुठे वाळत घालू आता मी?" ती थट्टेनेच विचारत होती, पण डोळे माझ्या तोंडावर होते. मी भिंतीकडे बघितलं. भिंतीवरचं कॅलेंडर वाकडं होतं आणि तसंच राहिलं होतं.

मी त्याला दोनदा म्हटलं, "दादा, त्या पोरीला सांगायला हवं." "सांगतो," म्हणाला. "पुढच्या आठवड्यात जातो." तिच्या कॉलेजच्या फाटकापर्यंत तो दोनदा गेला, हे मला पुढे कळलं. एकदा शिपायाने विचारलं, कोणाला भेटायचंय, तर हा म्हणाला, "तुमच्याकडे लिफ्ट आहे का?" शिपाई म्हणाला, आहे. "मग काही बिघडलं तर बोलवा," असं म्हणून परत आला. एरवी मी या गोष्टीवर पोट धरून हसले असते. आणि मी का गेले नाही? कारण निर्णय त्याचा होता, सांगायचंही त्यानेच, असं मी स्वतःला समजावत होते. 'दिसलं' हा शब्द जसा काही त्यानेच माझ्या तोंडात घातला होता.

गंमत म्हणजे तिथली लिफ्ट खरंच बिघडली आणि शिपायाने खरंच बोलावलं. दादा तळमजल्याच्या खाली, लिफ्टच्या खड्ड्यात उतरून काम करत होता. वरून आवाज आला, "सर? तुम्ही अंपायर सर ना?" काडी. दाराशी उकिडवी बसून खाली बघत होती. दादाच्या हाताला ग्रीस, डोक्यावर लिफ्टचा लोखंडी तळ. तिने तिथूनच सांगून टाकलं, "सर, मी पाय सुधारला. रोज सकाळी दोन तास तेच करते. आधी मला कळतच नव्हतं की तो उडतो. तुम्ही हात वर केला म्हणून कळलं. थँक यू सर."

हे दादाने मला त्याच दिवशी फोनवर सांगितलं. "मग तू काय म्हणालास?" मी विचारलं.

 "छान, छान, असं म्हणालो," तो म्हणाला. "खड्ड्यातच होतो ग मी. आणखी खाली जायला जागा नव्हती."

मी त्याला वाट्टेल ते बोलले. भेकड म्हटलं, ढोंगी म्हटलं. तो ऐकून घेत राहिला. फोन ठेवल्यावर मला कळलं की त्यातला निम्मा शब्दसंग्रह माझा स्वतःसाठीचाच होता.

पुढच्या वर्षी विद्यापीठाची निवड चाचणी लागली. काडीचं हे शेवटचं वर्ष, यानंतर संधी नाही. चाचणीच्या सरावसामन्याला अंपायर म्हणून पुन्हा आमचीच जोडी. दादा नाही म्हणू शकला असता. तो म्हणाला, "आधी जातो, तिला गाठतो आणि सांगतो. मग ती आपला जुना पाय टाकेल." त्याचा सगळा हिशेब असा होता की जुना पाय कुठेतरी ठेवलेला आहे आणि आपण सांगितलं की ती तो काढून घालेल. आम्ही लवकर गेलो. पण तिच्या कॉलेजची गाडी उशिरा आली, मुली धावतच मैदानात शिरल्या आणि सामना सुरू झाला.

काडीने पहिला चेंडू टाकला आणि मी आधी मातीकडे बघितलं.

वर्षभर ती पाय जमिनीला चिकटवून ठेवायचा सराव करत होती. नसलेली चूक सुधारायची म्हणजे काय करणार? मागचा पाय ती मुद्दाम दाबून घासत आणत होती, त्यात वेग जात होता, आणि तो गेलेला वेग भरून काढायला पाय अर्ध्या वाटेत थांबत होता. मग किंचित उचलून, पुढे रोवून, तिथून दुसरा जोर. तिला स्वतःला याचा पत्ताही नव्हता. मातीत दोन तुकडे दिसत होते, मध्ये वीतभर कोरी जागा. आता ती खरोखरच इलिगल होती.

पाय बघायचं काम माझं. माझा डावा हात वर जायला हवा होता. दुसरा चेंडू, तिसरा. चेंडूही पूर्वीचा राहिला नव्हता, हातमोज्यात नुसता थप्प असा पडत होता. माझा हात मांडीला शिवल्यासारखा झाला होता. समोर मास्कच्या जाळीतून दादा माझ्याकडे बघत होता. त्यालाही दिसत होतं. खुर्च्यांवर बसलेल्या निवड करणाऱ्यांपैकी एकाने दुसऱ्याच्या कानात काहीतरी सांगितलं.

चौथ्या चेंडूआधी दादाने दोन्ही हात वर करून खेळ थांबवला. मास्क काढला. प्लेटपासून पिचरपर्यंतचं ते अंतर मी त्याला हजार वेळा चालताना पाहिलंय, पण त्या दिवशी त्याचं वय दिसलं. मीही जवळ गेले. काडी ताठ उभी राहिली. "काय झालं सर? पाय बरोबर आहे ना?"

"गेल्या वर्षीही बरोबर होता," दादा म्हणाला. आवाज मोठा होता, खुर्च्यांपर्यंत जाईल असा, आणि तो मुद्दाम तेवढा काढला होता. "तुझा पाय जमिनीवर होता. मी चुकीचा हात वर केला. सामना संपल्यावर मातीत रेघ बघितली, सलग होती, आणि ती मी बुटाने पुसली. त्या दिवशीच सांगायला हवं होतं. लिफ्टच्या खड्ड्यात सांगायला हवं होतं. मला लाज वाटली, म्हणून नाही सांगितलं."

काडीला पहिल्यांदा ते कळलंच नाही. ती हसली, थोडीशी. मग तिचं हसू गेलं आणि ती माझ्याकडे वळली. "पण मॅडम, तुम्ही मागेच होतात. तुम्ही तर म्हणालात, दिसलं."

तिच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. ती अजूनही माझ्याकडून काहीतरी ऐकायची वाट बघत होती, ज्याने सगळं पुन्हा जागेवर बसेल.

"दिसलं होतं," मी म्हटलं. "पाय जमिनीवर असलेला दिसला होता. मी खोटं बोलले."

 खुर्च्यांवरचे लोक उठून उभे राहिले होते. दादा घाईघाईने म्हणाला, "जुन्यासारखा टाक. तुझा जो पहिला होता ना, तोच. घाई नाही, हवे तेवढे टाकून बघ."

तिने टाकून बघितले. पाच चेंडू, कोणी बॅटर नाही, नुसती कॅचर समोर. प्रत्येक वेळी पाय अर्ध्या वाटेत थांबत होता. पाचव्यानंतर ती खाली बघून म्हणाली, "मी त्याला काय सांगू? दोन तास रोज शिकवलंय त्याला." मग दादाकडे बघून, अगदी साध्या आवाजात तिने विचारलं, "सर, तो जुना कसा होता? तुम्हीच बघितला होता. मला तर तो कधी दिसलाच नाही."

 दादा, पाव इंचाचा फरक ओळखणारा माणूस. त्याने बुटाने मातीत एक सरळ रेघ ओढून दाखवली, पट्टीपासून दोन हात, आणि मध्येच थांबला, कारण बुटाने रेघ ओढणं आणि पुसणं हे एकसारखंच दिसत होतं.

कोणीतरी खुर्च्यांकडून म्हणालं, सामना सुरू करा, अजून दोघींना बघायचंय. दादा मास्क लावून प्लेटमागे गेला. मी माझ्या जागी गेले. काडीने पट्टीवर पाय ठेवले, हात जुळवले आणि चेंडू टाकला. पाय घासत आला, थांबला, उचलला, रोवला.

माझा डावा हात बाजूला गेला. समोर दादाचाही गेला. वर्षापूर्वी जेवढा नीट बघायला हवा होता, तेवढा नीट आम्ही तो पाय आता बघितला होता. हात अजिबात डगमगले नाहीत. काडीने मान वर करून एकदा त्याच्याकडे बघितलं, मग वळून माझ्याकडे, आणि चेंडू परत घ्यायला हात पुढे केला.